खांब कुणाच्या दारात?

आपल्या चळवळीला उजेडाची फार हौस. पोस्टर काढायचं म्हटलं की पणती, शिबिराचं उद्घाटन म्हटलं की मशाल. सावित्रीबाईंवर बोलताना 'ज्ञानाचा प्रकाश' आला नाही असं भाषण मी अजून ऐकलेलं नाही, आणि त्या तर आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या, नायगावच्या. मीही हे सगळं केलेलं आहे. पण सातारा-सांगलीच्या गावांतून काम करायला लागून मला दहा वर्षं होऊन गेली, आणि या काळात एकाही बैठकीत आपण खऱ्याखुऱ्या दिव्याबद्दल तासभर बोललो असं आठवत नाही. खऱ्या म्हणजे खांबावरच्या, जिन्यातल्या, संडासाच्या दारावरच्या, ओट्यावरच्या. तो विषय वायरमनचा, फार तर ग्रामसेवकाचा, असं आपण धरून चाललो.

माझा हा समज एका कोर्टात मोडला. तालुक्याचं नाव सांगत नाही. कामावरून परत येणाऱ्या एका बाईला बोळात अडवून अंगाला हात घातल्याची केस होती. बाई धीट होती, त्याच संध्याकाळी चौकीवर गेली, माणूस कोण तेही तिने सांगितलं. वर्षा-दोन वर्षांनी साक्षीला उभी राहिली तेव्हा आरोपीच्या वकिलांनी तिच्या चारित्र्याबद्दल एक शब्द काढला नाही. आम्ही त्याचीच तयारी करून गेलो होतो! त्यांनी विचारलं, "खांब किती फुटांवर होता? दिवा चालू होता का? खांब तुमच्या पुढे होता की त्याच्या पाठीमागे?" बाई गोंधळली. पंचनाम्यात रक्त, बांगडीचा तुकडा, चप्पल, सगळ्याची नोंद होती, उजेडाची नव्हती. संशयाचा फायदा मिळून तो सुटला. नंतर मी त्या बोळात संध्याकाळी जाऊन उभी राहिले. खांब होता, चाळीस पावलांवर, आणि तोही अशा ठिकाणी की येणाऱ्याच्या पाठीवर उजेड पडावा आणि चेहरा काळाकुट्ट राहावा. बाई खरं बोलत होती. तिने त्याला आवाजावरून आणि चालण्यावरून ओळखलं होतं. पण कोर्टाला चेहरा हवा होता, आणि तो दाखवणारा दिवा तिथे कुणी लावलेलाच नव्हता.

तेव्हापासून मी हा विषय धरून वाचत गेले. समाजकार्याच्या एम. ए. ला आम्हाला कायदा शिकवला, समुपदेशन शिकवलं, समाजसंघटन शिकवलं. घर आणि रस्ता कसा बांधला जातो हे कुणी शिकवलं नाही. एका वास्तुरचनाकार मैत्रिणीने पुस्तकं दिली. तिच्या धंद्यात प्रकाशयोजना हे स्वतंत्र शास्त्र आहे, त्याचे तज्ज्ञ वेगळे असतात, त्यांची फी वेगळी असते. अमेरिकेत 1950 च्या सुमारास रिचर्ड केली नावाच्या माणसाने त्याची तीन सूत्रं मांडली, ती अजून सगळीकडे शिकवली जातात. पहिला उजेड सगळीकडे सारखा पसरलेला, आपण कुठे आहोत हे कळावं म्हणून. दुसरा एका जागी एकवटलेला, तिथे नजर जावी किंवा काम करता यावं म्हणून. तिसरा नुसता चमकणारा, मनाला बरं वाटावं म्हणून, झुंबरासारखा. चांगल्या इमारतीत तिन्ही मापात असतात.

हे वाचल्यावर मी आपल्या गावांकडे त्या नजरेने बघायला लागले. पसरलेला उजेड हवा रस्त्याला, बोळाला, एस. टी. स्टँडच्या आवाराला. तो नाही. एकवटलेला हवा कामाला. तोही नाही, निदान बायकांच्या कामाला नाही. मात्र तिसरा, चमकणारा उजेड भरपूर! कमानी, पुतळे, सरकारी इमारती यांच्यावर रंग बदलणारे दिवे. स्वातंत्र्यदिन आला की राज्यातल्या धरणांच्या सांडव्यांवर तिरंगी झोत सोडतात आणि लोक मोबाईल घेऊन बघायला जातात. ते दृश्य देखणं असतं, मी नाकारत नाही. पण कोयनेच्या माणसाने ते बघावं तरी कसं? पाटण तालुक्यातल्या त्या पाण्यावर 1960 मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे. त्या पाण्याखाली ज्यांची घरं गेली त्यांचा पुनर्वसनाचा लढा पिढ्या सरल्या तरी चालूच आहे. धरणावर दिवे लावायला पैसे कमी पडत नाहीत. इकडे 2021 साली थकबाकीपोटी राज्यात गावोगावच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली, तेव्हा बिल ग्रामपंचायतीने भरायचं की सरकारने यावर वाद रंगला. त्या अंधारात चालत कोण होतं, हे त्या वादात कुणी विचारलं नाही.

आता थोडं आकड्यांत जाऊ. कंटाळू नका, हे आकडे आपल्या हातात पाहिजेत. उजेड मोजण्याचं माप लक्स. पौर्णिमेचं चांदणं साधारण पाव लक्स असतं. रस्त्यावर किती उजेड असावा यासाठी आपल्याकडे आय. एस. 1944 नावाचं मानक आहे (हे साल नाही, मानकाचा क्रमांक आहे). त्यात मोठ्या, वेगवान वाहतुकीच्या रस्त्याला सरासरी 30 लक्स, त्याखालच्या मुख्य रस्त्याला 15, बऱ्यापैकी वाहतुकीच्या दुय्यम रस्त्याला 8 आणि कमी वाहतुकीच्या दुय्यम रस्त्याला 4 असं सांगितलेलं आहे. मैत्रिणींनो, ही उतरंड वाचा आणि सांगा, यात माणूस कुठे आहे? सगळी वर्गवारी गाड्यांवरून. ज्या रस्त्याने गाड्या कमी जातात तिथे उजेड कमी. आणि बायका कुठून चालतात? त्याच रस्त्यांनी, त्या बोळांनी, जिथे गाडी वळतच नाही. ज्याच्या गाडीला स्वतःचे दोन दिवे आहेत त्याला 30 लक्स, आणि जिच्या हातात पिशवी आणि कडेवर पोर आहे तिला 4. तेही कागदावर.

हे मापही घेतात ते जमिनीवर. ड्रायव्हरला रस्ता दिसला की झालं. पण चालणाऱ्या बाईला खड्ड्याइतकाच समोरून येणारा माणूस दिसायला हवा असतो. या शास्त्रातलेच लोक सांगतात की साधारण चार मीटरवरून समोरच्याचा चेहरा आणि हेतू ओळखता आला पाहिजे, म्हणजे बाजूला व्हायला, परत फिरायला किंवा ओरडायला वेळ मिळतो. त्यासाठी उजेड दीड मीटर उंचीवर, चेहऱ्यावर किती पडतो ते मोजावं लागतं. त्या कोर्टातल्या बाईचं म्हणणं आणि या शास्त्राचं म्हणणं एकच होतं. फक्त ते शास्त्र आमच्या पंचनाम्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

त्याच मानकात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे तर कुणीच बघत नाही. नुसती सरासरी पुरेशी नाही. सगळ्यात अंधाऱ्या जागेचा उजेड सरासरीच्या निदान 0.3 पट, मोठ्या रस्त्याला 0.4 पट असला पाहिजे. म्हणजे एका खांबाखाली लख्ख आणि पुढे पन्नास पावलं काळोख हे चालणार नाही. आपल्याकडे नेमकं तेच असतं. एल. ई. डी. आल्यापासून जास्तच. 2015 पासून देशभर जुने पिवळे दिवे काढून पांढरे एल. ई. डी. बसवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. वीज वाचते, त्याबद्दल तक्रार नाही, शिवाय जुन्या सोडियमच्या पिवळ्या उजेडात रंग कळत नसत. शर्ट निळा होता की हिरवा हे कुठली साक्षीदार शपथेवर सांगणार? पण नवे दिवे बसवले ते जुन्याच खांबांवर, आणि खांबांमधली अंतरं कुणी मोजली नाहीत. झोत खाली सरळ पडतो, कडेला काहीच नाही. दिव्याखाली आलं की डोळे दिपतात, बाहेर पडलं की आंधळं व्हायला होतं.

डोळ्याला उजेडातून अंधारात जाताना वेळ लागतो, हे काय सांगायला पाहिजे? पण त्याची काळजी कुणासाठी घेतात ते बघा. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीला बोगदा लागतो. बोगद्याबद्दल शास्त्र सांगतं की तोंडाशी दिवसाढवळ्या आतल्यापेक्षा पुष्कळ जास्त दिवे लावा, मग हळूहळू कमी करत न्या, कारण उन्हातून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्याला सवय व्हायला हवी. किती हळुवार विचार! एस. टी. स्टँडच्या पांढऱ्या झोतातून रात्री नऊला बाहेर पडून शेजारच्या गल्लीत शिरणाऱ्या नर्सच्या डोळ्याबद्दल असा विचार कुणी केलाय? मिरज तर दवाखान्यांचं गाव. पाळी बदलते तेव्हा शेकड्याने मुली रस्त्यावर असतात.

मग यावर उपाय म्हणून आपल्याला मिळतो हायमास्ट. देवळासमोर किंवा चौकात उंचच उंच खांब, वर सहा-आठ फोकस, खाली निधी कुणाचा त्या साहेबांच्या नावाची पाटी. पाटीवर उजेड छान पडतो. पोरं त्याच्याखाली गाड्या लावून बसतात, आणि त्या चौकातून जाणारी बाई स्टेजवर आल्यासारखी सगळ्यांना दिसते. कडेच्या काळोखात कोण उभं आहे ते मात्र तिला दिसत नाही. आमच्या गटातली एक मावशी म्हणाली, "ताई, ह्यो दिवा आमास्नी बगायला लावलाय, आमी बगावं म्हून न्हाई." मी इतकी पुस्तकं वाचली, पण याहून नेमकं मला कुठे सापडलं नाही. पुढे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात झालेला एक अभ्यास वाचनात आला. तिथल्या मुलींनी नकाशावर सुरक्षित वाटणाऱ्या आणि न वाटणाऱ्या जागा दाखवल्या, आणि तज्ज्ञांनी तिथला उजेड मोजला. जास्त उजेड म्हणजे जास्त सुरक्षित असं निघालंच नाही. भगभगीत जागांनाही मुली घाबरत होत्या. त्यांना बरं वाटत होतं ते जिथे उजेड सलग होता आणि वेगवेगळ्या बाजूंनी, भिंतींवर, दुकानांतून येत होता तिथे.

दिवा कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. आपण विसरलो एवढंच. मथुरा प्रकरण आठवा. 1972 सालची, देसाईगंज पोलीस चौकीतली ती रात्र. चौकीचे दिवे मालवलेले होते, दार आतून लावलेलं होतं, आणि त्या अंधारात पोलिसाने तिच्या अंगावर टॉर्च मारला होता. हे कोर्टाच्या कागदांतच नोंदलेलं आहे. ज्या केसवरून या देशात बलात्काराच्या कायद्याविरुद्ध चळवळ उभी राहिली, तिच्यात अंधारही पोलिसांचा होता आणि उजेडही. आणि अलीकडचं सांगायचं तर हागणदारीमुक्तीच्या काळातली 'गुड मॉर्निंग पथकं' आठवा. शिट्ट्या फुंकत, टॉर्च मारत फिरायची. त्या टॉर्चच्या झोतात लुगडं सावरत उठणारी बाई गावाच्या विकासाच्या आड येत होती म्हणे! पण तिला रात्री वापरता येईल असा, आत दिवा असलेला, दाराला आतून कडी असलेला संडास त्याआधी कुणी दिला नव्हता. आजही सार्वजनिक संडासाला बाहेरून टाइल्स असतात आणि आत बल्ब नसतो. अंधार पडला की बायका तिकडे जात नाहीत, आणि जावं लागू नये म्हणून दुपारपासून पाणी पीत नाहीत. मुतखडा, लघवीची जळजळ यांच्या केसपेपरवर 'बल्ब नव्हता' असं कारण कधी लिहिलं जातं का?

घरातलंही सांगते, कारण बाहेरच्यांना नावं ठेवणं सोपं असतं. वाईकडचे, साताऱ्यातले जुने वाडे आपण हौसेने बघतो. ओसरी उजेडाची, दिवाणखाना उजेडाचा. माजघर अंधारं, बाळंतिणीची खोली तर बिनखिडकीची. कोण कुठे बसत असे ते उजेडावरून सांगता येतं. वाडे गेले, स्लॅबची घरं आली, पण हिशोब तोच राहिला. मी भेटी द्यायला जाते तिथे आता मुद्दाम वर बघते. पुढच्या खोलीत ट्यूब, टी. व्ही.च्या मागे रंगीत पट्टी, छताला पी. ओ. पी. चे गोल दिवे. स्वयंपाकघरात छताच्या मधोमध एक बल्ब. ओटा भिंतीला. म्हणजे बाई भिंतीकडे तोंड करून उभी आणि दिवा तिच्या पाठीमागे. तिचीच सावली तिच्या हातांवर पडते. ती आयुष्यभर स्वतःच्या सावलीत भाजी चिरते, तांदूळ निवडते, आणि खडा लागला की बोलणी खाते. तो दिवा सहा फूट पुढे, ओट्याच्या वर आणायला वायरमनला अर्धा तास लागतो. माझ्या स्वतःच्या आईच्या घरात तो मागच्या वर्षी हलवला. तोवर तिने तीस वर्षं काढली होती, आणि मी स्त्रीमुक्तीची कार्यकर्ती!

यावर आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, की हा मध्यमवर्गीय शहरी विषय आहे. बाईवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो, घरातला असतो, तिथे पथदिव्याने काय होणार. आकडे त्यांच्याच बाजूने आहेत. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो, हे सरकारी अहवाल दरवर्षी सांगतात. दिवा लावला की बलात्कार थांबतील असं मी म्हणत नाही, आणि असं म्हणून कुणी निविदा काढत असेल तर त्याच्यापासून सावध राहा. निर्भया निधी आल्यापासून 'सुरक्षितता' हा शब्द लावला की काहीही विकता येतं. माझं म्हणणं साधं आहे. आपल्या बचतगटाची बैठक सातला का संपते? मुलीचा क्लास का सुटतो? रात्रपाळीला बाई का नको म्हणतात? नवरा मारायला उठला तर बाई घराबाहेर पडून कुठल्या दिशेने पळते? या सगळ्यांत शेवटी एक अंधारा बोळ येतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवर लिहिताना 2011 साली मांडलं, की बाईला सुरक्षिततेच्या नावाने घरात ठेवण्याऐवजी तिला विनाकारण बाहेर रेंगाळण्याचा हक्क मागितला पाहिजे. मला ते पटतं. पण रेंगाळायचं तर उभं राहायला जागा हवी आणि आजूबाजूला दिसायला हवं.

उलट बाजूची चूकही होऊ देऊ नका. सगळीकडे फोकस मारा असं मी मागत नाही. कास पठार 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटात येतं, तिथे रात्र काळीच राहिली पाहिजे. तिथल्या किड्यापाखरांचा तो हक्क आहे. आपल्यालाही कधीकधी अंधार हवा असतो. माहेरी निघून जाणाऱ्या बाईला हवा असतो, अंगणात खाट टाकून चांदण्या बघणाऱ्या पोरीलाही. म्हणून दिवा खाली झाकलेला, पिवळसर, माणसाच्या उंचीला बेताचा आणि जवळजवळ हवा. आठ फोकसांच्या एका हायमास्टपेक्षा बोळातले दहा साधे दिवे चालणाऱ्याच्या जास्त उपयोगी. पण त्यांच्यावर नावाची पाटी लावता येत नाही, ही त्यांची अडचण आहे.

आता हक्काचं. आपण हा दिवा भीक म्हणून मागत नाही. घरपट्टीच्या पावतीवर बघा, 'दिवाबत्ती कर' असा रकाना असतो. तो तुम्ही भरता. रस्त्यावर दिवे लावणं हे नगरपालिकेचं कायद्याने बंधनकारक काम आहे, 1965 च्या नगरपरिषद कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. सांगली-मिरज-कुपवाडसारख्या महापालिकांनाही तेच. ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीतही दिवाबत्ती येते. आणि पंचायतीत आता निम्म्या जागा आपल्या आहेत. तरीही आमच्या भागात नवा खांब कुठे उभा राहतो? सदस्याच्या दारात. सदस्या बाई असली तरी तिच्या दारात. हे आपलं आपल्याला सांगावं लागेल.

आम्ही काय केलं ते सांगते, जमलं तर करून बघा. रात्री बाहेर पडून बायकांनीच जागा तपासायच्या, ही पद्धत कॅनडातल्या टोरोंटोमध्ये 1989 साली बांधली गेली आणि दिल्लीत जागोरीच्या मैत्रिणींनी ती आपल्याकडे वापरली. आम्ही तिला आमच्यापुरती सोपी केली. अमावास्येच्या आसपासचा दिवस धरायचा, कारण पौर्णिमेला सगळंच बरं दिसतं. सात-आठ जणी, त्यात एक म्हातारी, एक शाळेतली मुलगी, जमल्यास एक कुबडी किंवा काठी घेऊन चालणारी. गावाचा हाताने काढलेला नकाशा. प्रत्येक खांबाचा नंबर, दिवा चालू की बंद, दोन खांबांत किती पावलं, झाडाची फांदी आड येते का. मग एकीने चार मीटरवर उभं राहायचं आणि दुसरीने सांगायचं, चेहरा ओळखू येतो का. मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं, अगदी बिनचूक नसतं, पण सभेत आकडा सांगितला की समोरचा गप्प बसतो. संडास, स्टँड, दवाखान्याचा मागचा दरवाजा आणि शाळेची वाट सोडायची नाही. पहिल्या फेरीत पुरुष बॅटऱ्या घेऊन सोबत निघाले. त्यांना घरी पाठवलं, कारण त्यांच्या बॅटरीच्या उजेडात तपासायचं काय?

निघालेली यादी ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत ठराव करून द्यायची, पोच घ्यायची, आणि खांबाच्या नंबरासह द्यायची. 'गावात उजेड नाही' अशा निवेदनाला उत्तर येत नाही. 'खांब नंबर 14 आणि 15 मध्ये बहात्तर पावलं आहेत' याला द्यावं लागतं. आमच्या एका गावात असे अकरा खांब दिले होते. सहा झाले. दोन निधीअभावी राहिले म्हणतात. तीन नंबरचा दिवा दोनदा बसवला आणि दोनदा दगडाने फुटला. तो कोण फोडतं ते सगळ्या बायकांना माहीत आहे, आणि पुढच्या महिला सभेत तो विषय नावानिशी घ्यायचा असं ठरलंय. सभा 26 जानेवारीच्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी आहे.